पाण्यातून चढणारा भित्रा नसतो

मी अजून समुद्र पाहिलेला नाही. आपल्या लोहाऱ्यापासून समुद्र लय दूर आहे. आपल्याला फक्त नाला माहीत. तरी मी आज समुद्रातून होणाऱ्या लढाईबद्दल माझे मत लिहीत आहे. त्याचे कारण नाल्यावरच घडले.

पावसाळ्यात एका रविवारी आम्ही पोरं लढाई-लढाई खेळलो. नाल्याला मांडीएवढे पाणी होते. सहा जणांनी पाण्यातून यायचे आणि तिघांनी काठावरून अडवायचे, असे ठरले. चिखलाचा गोळा लागला की तो मेला. मी पाण्यातल्या सहा जणांत होतो. मला वाटले, आपण सहा, ते तीन, आपणच जिंकू. पण झाले उलटेच. पाण्यात पायच उचलेना. गोळा येताना दिसायचा, पण बाजूला होता यायचे नाही. लपायला ना झाड ना दगड. काठावर चढताना दोन्ही हात मातीत, मंग गोळा मारायचा कशाने? आम्ही सहाही जण मेलो. काठावरचा एकही मेला नाही. वरून ते म्हणाले, "तुम्ही भेले, म्हणून हरले."

मी म्हणालो, "आता तुम्ही उतरा पाण्यात, मंग सांगा." पुढच्या रविवारी ते उतरले. तेही सगळे मेले. घरी मात्र दोन्ही रविवारी चिखलाच्या कपड्यांपायी मायची बोलणी आम्हीच खाल्ली.

मग १९ डिसेंबरला गुरुजींनी परिपाठात गोवा मुक्तीची गोष्ट सांगितली. गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य साडेचारशे वर्षे होते. १९६१ साली आपल्या सैन्याने गोवा मुक्त केला. त्या वेळी कारवारजवळचे अंजदीव नावाचे छोटेसे बेटही पोर्तुगिजांकडे होते. १८ डिसेंबर १९६१ ला आपल्या नौदलाच्या त्रिशूल आणि म्हैसूर या युद्धनौका तिथे गेल्या. नौसैनिक लहान होड्यांतून बेटावर उतरू लागले. पहिली तुकडी उतरली. दुसरी तुकडी येत असताना बेटावरून मशीनगनच्या गोळ्या सुटल्या. आपले ७ नौसैनिक शहीद झाले आणि १९ जखमी झाले. मग युद्धनौकांनी तोफा डागल्या आणि दुसऱ्या दिवशी बेट आपल्या ताब्यात आले.

तेव्हा वर्गातला एक मुलगा म्हणाला, "एवढुशा बेटासाठी सात जण कसे मेले? भेले असतील." तो आमच्यासोबत नाल्यावर खेळायला आलेला नव्हता. मला लय राग आला. मी उभा राहिलो, पण मला नीट सांगता आले नाही. म्हणून इथे लिहितो.

सगळ्या गोव्याच्या लढाईत आपले २२ जवान गेले. त्यातले ७ एकट्या अंजदीववर. बाकीचा गोवा केवढा मोठा! पण तिकडे आपले सैन्य जमिनीवरून गेले. जमिनीवर आडवे पडता येते, झाडामागे जाता येते, मागे हटता येते. होडीतल्या माणसाच्या मागे समुद्र असतो. तो मागे कुठे जाईल? होडीत माणसे थोडी मावतात, म्हणून सगळे एकदम उतरू शकत नाहीत. काठावरचा मात्र खड्ड्यात बसून आधीच नेम धरून असतो. गुरुजी म्हणाले की बेटावर पांढरे निशाण दाखवले होते आणि मग दगा झाला. दगा झाला हे वाईटच. पण मला वाटते, तेच सैनिक जमिनीवर असते तर दग्यातूनही जास्त जण वाचले असते.

दुसऱ्या देशांतही असेच झाले. दुसऱ्या महायुद्धात नोव्हेंबर १९४३ मध्ये अमेरिकेचे सैनिक पॅसिफिक महासागरातल्या तारावा इथल्या एका बेटावर उतरले. बेटाभोवती पाण्याखाली प्रवाळाचा कठडा होता. भरतीचे पाणी पुरेसे चढले नाही. होड्या कठड्यावर अडकल्या. सैनिकांना अर्धा किलोमीटर पाण्यातून बंदुका डोक्यावर धरून चालावे लागले आणि समोरून जपानी गोळ्या येत होत्या. तीन दिवसांत सुमारे १००० अमेरिकन मेले. म्हणजे तिथे पाण्यानेही शत्रूला मदत केली.

आपल्या इतिहासात पाहा. जंजिरा किल्ला समुद्रात आहे. तो घेण्यासाठी १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी समुद्रात दगड टाकून वाट बांधायला घेतली होती. मोगल चालून आले म्हणून काम अपुरे राहिले. संभाजी महाराज भित्रे होते का? मुळीच नाही. होडीतून तटाला भिडले तर माणसे फुकट मरतील, हे त्यांना कळत होते, असे मला वाटते.

माझा दादा नौदलाच्या भरतीसाठी रोज पहाटे यवतमाळच्या रस्त्यावर पळतो. तो पळायला गेला की माय दाराशी उभी राहते. काही बोलत नाही. दादालाही पोहता येते फक्त विहिरीत. मी त्याला अंजदीवची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "हुकूम आला तर उतरावंच लागते." मला तेव्हापासून ते सात जण कुणाचे तरी दादा वाटतात.

म्हणून माझे मत असे आहे. जे हुकूम देतात त्यांनी आधी पाण्याची खोली मोजावी, भरती-ओहोटीची वेळ पाहावी, काठावर किती शत्रू लपले आहेत ते शोधावे आणि आधी तोफा चालवाव्या. इतके करूनही माणसे मरतात, कारण पाण्यात माणूस हळू असतो आणि उघडा असतो. ती त्याची चूक नाही. मला तर वाटते, लढाईच होऊ नये. पण झाली तर पाण्यातून पुढे जाणाऱ्याला कोणीही भित्रा म्हणू नये. तो सगळ्यात जास्त हिंमतवाला असतो. कारण समोरून गोळ्या येतात हे त्याला दिसते, तरी तो पुढे पाय टाकतो.

ज्याला पटत नसेल त्याने पुढच्या पावसाळ्यात नाल्यावर यावे. मी काठावर उभा राहीन.

जय हिंद!

— इयत्ता ४ थी, लोहारा