पाळी, पगार आणि बाजाराचे भाकीत

अमेरिकेतील बेरोजगारीचे प्रमाण ४.३ टक्क्यांवर गेल्याचे तेथील सरकारने २ ऑगस्ट २०२४ रोजी जाहीर केले, आणि जपानी येन वधारल्यामुळे आधीच हवालदिल झालेल्या जगातील वित्तबाजारांसमवेत मुंबईचा सेन्सेक्सही ५ ऑगस्टला एका दिवसात २,२०० अंशांहून अधिक कोसळला. परदेशातील रोजगाराच्या एका आकड्याला इतके वजन देणारा आपला बाजार कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फौंड्रीतील किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागावरील रोजगाराची मात्र क्वचितच दखल घेतो, आणि या उपेक्षेत कामगारावर अन्याय आहे तसेच बाजाराचेही नुकसान आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ट्रॅक्टर आणि मालमोटारींच्या कारखान्यांकडून येणारे मागणीचे मासिक शेड्यूल उतरू लागले की फौंड्रीत प्रथम ओव्हरटाइम बंद होतो, मग तिसरी पाळी, त्यानंतर ठेकेदाराकडील माणसे कमी होतात, आणि कायम कामगाराच्या नोकरीवर गदा येते ती सर्वांत शेवटी. म्हणजे बेरोजगारीच्या रकान्यात जी मंदी उमटावयाची ती हजेरीपटावर कितीतरी आधी उमटून गेलेली असते. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली जेथे पहिला यंत्रमाग बसविला त्या इचलकरंजीत तर हे अधिकच स्पष्ट दिसते; कारण तेथील विणकराची मजुरी पिकाच्या, म्हणजे कापडात विणलेल्या आडव्या धाग्यांच्या, हिशेबाने ठरते, माग थांबला की कमाई थांबते, आणि दुसऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारे खर्चीवाले मागधारक कापडाच्या भावातील घसरणीची झळ सर्वांच्या आधी सोसतात.

केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणाचे आकडे २०२५ पासून दरमहा प्रसिद्ध होऊ लागले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु त्यातील साप्ताहिक निकषानुसार आठवड्यातून एक तास काम केलेला मनुष्यही रोजगारातच गणला जातो. दोन पाळ्यांवर चालणारा कारखाना एका पाळीवर आला आणि विणकराची मिळकत निम्म्यावर उतरली, तरी बेरोजगारीच्या दराच्या लेखी काहीच घडलेले नसते. त्याच्या घरचा किराणा, दुचाकीचा हप्ता आणि पतसंस्थेची थकबाकी यांतून मात्र ते घडलेले असते, आणि तेच पुढे कंपन्यांच्या ताळेबंदात व बँकांच्या बुडीत कर्जांत प्रकट होते.

मार्च २०२० मध्ये २६,००० च्या खाली गेलेला सेन्सेक्स जानेवारी २०२१ मध्ये ५०,००० वर पोहोचला, तेव्हा असंख्य कामगारांची घडी अद्याप बसली नव्हती, हा माझ्या म्हणण्यावरील आक्षेप रास्त आहे. स्वस्त व्याजदर आणि मोठ्या कंपन्यांचे बळ यांच्या आधारे भाव काही काळ मजुरीपासून अलग राहू शकतात. परंतु कोल्हापूरचा शिक्षक वा कारकून म्युच्युअल फंडात दरमहा जी रक्कम गुंतवितो ती दहा-पंधरा वर्षांच्या भरवशावर, आणि एवढ्या अवधीत माल खपावयाचा तो अखेर मजुरीच्या पैशावरच. म्हणून कामाचे तास आणि प्रत्यक्ष हाती पडणारी कमाई यांचे जिल्हावार आकडे शासनाने दरमहा प्रसिद्ध करावेत, आणि बाजाराचे भाकीत सांगणाऱ्यांनी अमेरिकेच्या आकड्याआधी ते वाचावेत.