साडेचार मिनिटांत तीन गोल!

दोस्तांनो, साडेचार मिनिटांत काय काय होऊ शकतं? घरी गॅसवर चहा ठेवला तर तो जेमतेम उकळेल. 28 ऑगस्ट 1994 रोजी लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावर एका पोराने एवढ्याच वेळात तीन गोल ठोकले! समोर आर्सेनलसारखा भक्कम बचाव असलेला संघ, गोलमध्ये इंग्लंडचा डेव्हिड सीमन. 26व्या मिनिटाला पहिला गोल, 29व्या मिनिटाला दुसरा, 31व्या मिनिटाला तिसरा. एकूण वेळ 4 मिनिटं 33 सेकंद. प्रीमियर लीगमधल्या सर्वांत जलद हॅटट्रिकचा हा विक्रम थेट 2015 साली सादिओ मानेने मोडला.

या पोराचं नाव रॉबी फाउलर. वय फक्त 19.

रॉबी लिव्हरपूलच्याच टॉक्स्टेथ या कष्टकरी वस्तीत वाढला. गंमत म्हणजे लहानपणी हा पठ्ठ्या शहरातल्या दुसऱ्या संघाचा, एव्हर्टनचा चाहता होता! 1993 साली फुलहॅमविरुद्ध तो पहिल्यांदा लिव्हरपूलकडून खेळला आणि त्याने गोल केला. दोनच आठवड्यांनी त्याच फुलहॅमशी परतीचा सामना झाला. लिव्हरपूल 5-0 ने जिंकलं आणि पाचही गोल रॉबीचे!

तो उंच नव्हता, फार वेगवानही नव्हता. मग गोल कसे व्हायचे? क्रिकेटमध्ये आपण बॅकलिफ्ट म्हणतो ना, तशी त्याची पाय मागे नेण्याची क्रिया अगदी छोटी असायची. गोलरक्षक पाय रोवून सज्ज होण्याआधीच त्याच्या डाव्या पायाचा फटका सुटलेला असायचा. ओळीने तीन हंगामांत त्याने 31, 36 आणि 31 गोल केले. चाहते तर त्याला चक्क ‘देव’ म्हणायला लागले.

आता मार्च 1997. पुन्हा आर्सेनल, पुन्हा सीमन, पण मैदान आर्सेनलचं. चेंडू घेऊन रॉबी आत घुसला, सीमन पुढे आला, त्याला चुकवताना रॉबी पडला. पंचांनी पेनल्टी दिली. फुकटची संधी! पण रॉबी उठला आणि हात हलवत पंचांना सांगू लागला, नाही, त्याने मला पाडलेलं नाही. पंचांनी ऐकलं नाही. पेनल्टी रॉबीनेच मारली. सीमनने ती अडवली, पण उडालेला चेंडू जेसन मॅकटीअरने जाळ्यात धाडला. लिव्हरपूल 2-1 ने जिंकलं.

मुद्दाम हळू मारली का? तसं मुळीच नाही, असं रॉबीने पुढे सांगितलं. गोल करायचाच होता, फटका वाईट बसला. मला तर हे उत्तर फार आवडतं. खरं बोलला, पण त्यासाठी गोल सोडायला काही तयार नव्हता! तुम्ही त्याच्या जागी असता तर पंचांना सांगितलं असतं का, बरं?

त्याच महिन्यात गोल केल्यावर जर्सी वर करून त्याने आतला टी-शर्ट दाखवला. त्यावर कामावरून काढलेल्या लिव्हरपूलच्या गोदी कामगारांना पाठिंबा होता. त्याबद्दल युरोपीय महासंघाने त्याला दंड केला. अर्थात रॉबी म्हणजे काही गुणी बाळ नव्हता हं. 1999 साली मैदानातल्या आगाऊपणाबद्दल त्याच्यावर सहा सामन्यांची बंदी आली, ती योग्यच होती.

पण खरा घाव बसला तो फेब्रुवारी 1998 मध्ये. एव्हर्टनच्या गोलरक्षकाशी टक्कर झाली आणि गुडघ्याचे स्नायुबंध दुखावले. फ्रान्समधला विश्वचषक हुकला. तिथे लिव्हरपूलचाच 18 वर्षांचा मायकेल ओवेन चमकला.

रॉबी परतला. 2001 साली लिव्हरपूलने तीन चषक जिंकले, त्यांतल्या दोन अंतिम सामन्यांत त्याचे गोल होते. मग लीड्स, मँचेस्टर सिटी आणि 2006 मध्ये पुन्हा लिव्हरपूल. या संघासाठी त्याचे एकूण गोल 183. त्यातले 129 त्या टकरीच्या आधीचे, म्हणजे वयाची 23 वर्षं पूर्ण होण्यापूर्वीचे!

आणि हो, 2020-21 च्या इंडियन सुपर लीगमध्ये तो ईस्ट बंगालचा प्रशिक्षक होता. संघ कोलकात्याचा, पण करोनामुळे त्या हंगामाचे सगळे सामने गोव्यात झाले, तेही प्रेक्षकांविना. नाहीतर आपल्या गोव्याच्या वाचकांना तो साडेचार मिनिटंवाला रॉबी फातोर्ड्याला हाकेच्या अंतरावर दिसला असता!