कमी रंग, चालते चित्र

विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांनी ३२० बाय २४० ठिपक्यांचा छोटा पडदा जोडला आहे. प्रत्येक ठिपक्याला २४ बिट रंग हवा, हा त्यांचा हट्ट. पण पडद्याकडे जाणारी तार सेकंदाला २ कोटी बिटच नेते. म्हणजे फार तर १० चित्रे. चेंडू अडखळत धावतो. मुले आता विश्वस्तांकडे महागडा पडदा मागणार! त्याआधी ड्रायव्हरमध्ये १६ बिट निवडा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच तारेवर १६ चित्रे जातील. तांबड्याला ५, निळ्याला ५, हिरव्याला ६ बिट; हिरव्या छटा डोळ्यांना अधिक कळतात ना! फोटोतल्या आकाशात पट्टे दिसतील, हे मान्य. चेंडूच्या खेळात ते कुणाला दिसणार?