नव्वद टक्के झालं!

'उद्या नक्की देतो' म्हणणारा शिंपी, 'पाचच मिनिटं' म्हणत लग्नाला निघालेली मंडळी आणि 'नव्वद टक्के झालं' म्हणणारा सॉफ्टवेअरवाला, या तिघांच्या शब्दावर शहाण्याने विसंबू नये. त्यातल्या त्यात शिंप्याकडे आपले कापड तरी डोळ्यांना दिसते. अर्धी भिंत कोणालाही दिसते, अर्धा प्रोग्रॅम मात्र फक्त लिहिणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून त्याची हकीकत सांगणारा कागद स्वच्छ हवा. नेमका तोच कागद रंगपंचमी खेळून येतो!

आमच्या बँकेत नवी प्रणाली यायची होती, तेव्हा दर सोमवारी चाळीस स्लाइडा आणि लाल, पिवळे, हिरवे दिवे. काम करणाऱ्या पोरांच्या टेबलावर दिवा लाल असे. त्यांच्या म्होरक्याकडे तो पिवळा होई, कारण 'उगीच साहेब चिडतील'. साहेबांपर्यंत पोचेतो हिरवागार! या धंद्यातले लोक अशा अहवालाला 'कलिंगड' म्हणतात. वरून हिरवे, आत लाल.

हे हसण्यावारी नेऊ नका. एप्रिल २०१८ मध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेने पन्नास लाखांवर ग्राहकांची खाती नव्या प्रणालीवर हलवली आणि सुमारे १९ लाख लोकांना स्वतःचेच खाते उघडेना. बँकेनेच नेमलेल्या वकिलांच्या २०१९ च्या अहवालात निघाले काय, तर प्रणाली तयारच नव्हती आणि संचालकांनी पुरेसे प्रश्न विचारले नव्हते. डिसेंबर २०२२ मध्ये दंड बसला, ४ कोटी ८६ लाख पौंड!

याउलट टोयोटाच्या कारखान्यात अडचण आली की साधा कामगार दोरी ओढतो, वर फलकावर दिवा लागतो आणि वरिष्ठ धावत येतात. झापायला नव्हे, मदतीला. आमच्याकडे दोरी ओढणाऱ्याचाच गळा त्यात अडकतो. मग लाल दिवा लावील कोण?

माझे म्हणणे एवढेच, की कागद एकच असावा. पहिल्या ओळीत तारीख पाळली जाणार की नाही. खाली झाले काय, राहिले काय, अडले कुठे आणि ते सोडवायला कोणी, कधीपर्यंत काय करायचे. 'झाले' म्हणजे चालवून दाखवलेले. 'होतच आलंय' हे 'राहिले'मध्ये. पोरांना तपशील जास्त द्या, साहेबांना कमी द्या, पण दोघांच्या कागदावरचे सत्य एकच ठेवा.

कारण प्रणाली बंद पडली की काउंटरवर आम्ही असतो, आणि पेन्शन घ्यायला आलेले आजोबा हिरवा दिवा पाहून घरी जात नाहीत. आमच्या कॅशियरने एकदा संध्याकाळी 'कॅश नव्वद टक्के जुळली' असे सांगून बघावे. उरलेले दहा टक्के सापडेपर्यंत त्याला घरी कोण सोडतो?