‘काही नाही’ची सप्तभंगी

स्त्री आणि पुरुष यांच्यातील फरक समजावून सांगणाऱ्यांची संख्या अलीकडे बरीच वाढली आहे. विवाहपत्रिकेसोबत मिठाईचा डबा येतो, तसा विवाहानंतर उपदेशाचा डबाही घरोघर पोहोचतो. जॉन ग्रे या अमेरिकन लेखकाने १९९२ साली पुरुष मंगळावरचे आणि स्त्रिया शुक्रावरच्या, असे सांगणारे पुस्तक लिहिले आणि ते जगभर खपले. आपल्याकडे हा सिद्धान्त रुजणे जरा अवघड होते. मुलाच्या पत्रिकेत मंगळ निघाला की येथे ठरत आलेली सोयरीक थबकते. समस्त पुरुषजातच मंगळाची आहे असे एकदा मान्य केले, तर मुली द्यायच्या कोणाला?

कुर्डुवाडीकरांना मात्र या प्रश्नासाठी ग्रहमालेपर्यंत जाण्याचे कारण नाही. त्यांनी स्टेशनापर्यंत गेले तरी पुरे. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी येथून बार्शीकडे धावू लागली, तेव्हा या स्टेशनाचे नावच ‘बार्शी रोड’ होते. मुंबईहून मद्रासकडे जाणाऱ्या मोठ्या गाडीच्या रुळांत साडेपाच फुटांचे अंतर, तर बार्शीच्या गाडीच्या रुळांत अवघे अडीच फुटांचे. दोन्ही गाड्या एकाच गावात, एकाच धुरात आणि एकाच उन्हात उभ्या राहत. परंतु एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर कधी चढला नाही. बार्शीकडून आलेला माल येथे उतरवून, पाठीवर वाहून मोठ्या डब्यात भरावा लागे. त्यात वेळ जाई, हमाली पडे, आणि एखादे पोते फाटून थोडी तूटही येई.

संसारतज्ज्ञांनी हे स्टेशन वेळीच पाहिले असते, तर मंगळ आणि शुक्र दोघेही सुटले असते. पती आणि पत्नी यांचे बोलणे म्हणजे दोन गेजांवरचा माल. इकडचा शब्द उचलून तिकडच्या डब्यात नीट रचावा लागतो. त्याची हमाली कोणी द्यायची, यावरच बहुतेक भांडणे होतात. यात ब्रॉडगेज कोण आणि नॅरोगेज कोण, हा प्रश्न मात्र कोणी विचारू नये. आपण स्वतः मोठ्या लाइनीवर आहोत याविषयी दोन्ही पक्षांची पूर्ण खात्री असते.

तज्ज्ञांच्या पद्धतीला अनुसरून आता व्यापारी कुटुंबांसाठी काही नियम सांगणे प्राप्त आहे.

पहिला नियम काळाविषयी. पुरुषाची ‘पाच मिनिटे’ आणि स्त्रीची ‘पाच मिनिटे’ ही दोन वेगळी मापे आहेत. चातुर्मासात घरी चोविहार असतो. सूर्यास्ताची वेळ पंचांगात छापलेली असते आणि तीत सवलत मिळत नाही. पत्नी दुकानात निरोप पाठवते. उत्तर येते, “पाच मिनिटांत निघालोच.” त्या क्षणी माढ्याचा एक जुना ग्राहक पायरी चढतो. तो ठाण उलगडायला लावतो, भाव विचारतो, चहा घेतो आणि दिवाळीला येतो म्हणून निघून जातो. शेठजी घरी पोहोचतात तेव्हा सूर्य पंढरपूरच्याही पलीकडे गेलेला असतो आणि ताट झाकलेले असते. उलट मंदिरात निघताना पत्नी “पाच मिनिटे” म्हणते, तेव्हा त्यात साडी, सासूबाईंचा चष्मा, गॅसची खात्री, दुधाचे पातेले आणि शेजारच्या भाभींशी दोन शब्द, इतका माल भरलेला असतो. यावर तज्ज्ञांचा सल्ला असा की, मिनिटे मोजू नयेत. ती कोणाच्या पेढीची आहेत ते आधी पाहावे.

दुसरा नियम स्मरणाविषयी. पुरुषाला विसरभोळा म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. बारा वर्षांपूर्वी कोणत्या गिऱ्हाइकाने किती रुपये थकवले, ते त्याला पैशासकट आठवते. विवाहाचा दिवस आठवत नाही, याचे कारण त्या दिवसाची वसुली बाकी आहे याची त्याला कल्पना नसते. स्त्रीचे स्मरण वेगळ्या वहीत असते. पुरुष भांडण रोजमेळात लिहितो, आणि दिवस संपला की पान उलटतो. स्त्री त्याच दिवशी ते खतावणीत त्या त्या खात्यावर चढवते. त्यामुळे भाजीत मीठ कमी पडल्यावरून निघालेल्या विषयात नणंदेच्या लग्नातील पाटणकर काढ्यासारखा एक कडू शब्द अचानक वर येतो, आणि पती गोंधळून विचारतो, “त्याचा येथे काय संबंध?” संबंध एवढाच की, मागील बाकी पुढे ओढली आहे. हिशेब जाणणाऱ्या माणसाने यात आश्चर्य मानू नये.

तिसरा नियम ‘बघू’ या शब्दाविषयी. व्यापाऱ्याने ग्राहकाला ‘बघू’ म्हटले की त्याचा अर्थ ‘नाही’ असतो, हे ग्राहक जाणतो. पत्नीने माहेरी जाण्याचे, शिखरजीच्या यात्रेचे किंवा स्वयंपाकघरातील गळक्या नळाचे विचारले, तर तेथेही ‘बघू’ हेच उत्तर मिळते. फरक इतकाच की, येथे ‘नाही’ हप्त्याहप्त्याने दिले जाते. नळ मात्र रोख गळत राहतो. गाळलेल्या पाण्याचा थेंबही वाया जाऊ नये असे मानणाऱ्या घरात ही मोठीच विसंगती होय.

चौथा आणि सर्वांत कठीण नियम ‘काही नाही’विषयी. “काय झाले?” या प्रश्नाला पत्नीने “काही नाही” असे उत्तर दिले असता परदेशी तज्ज्ञ हात टेकतात. जैन गृहस्थाने हात टेकण्याचे कारण नाही. त्याच्या पूर्वजांनी या प्रसंगासाठी सप्तभंगी तयार ठेवली आहे. स्यात् अस्ति, म्हणजे एका अपेक्षेने काहीतरी आहे. स्यात् नास्ति, म्हणजे दुसऱ्या अपेक्षेने खरोखरच नाही, केवळ डोके दुखते आहे. स्यात् अस्ति नास्ति, म्हणजे सकाळी होते, आता नाही, पण पुन्हा विचारल्यास होईल. स्यात् अवक्तव्य, म्हणजे आहे की नाही ते एका दमात सांगता येत नाही. पाचवा भंग असा की, आहे. पण सासूबाई बैठकीत बसल्या असताना बोलता येत नाही. सहावा असा की, तुमचा काही दोष नाही. पण कोणाचा आहे तेही बोलता येत नाही. सातव्या भंगात आहेही, नाहीही आणि बोलताही येत नाही. तेथे पंडितही थांबतात. अशा वेळी सुज्ञ श्रावकाने वर्तमानपत्र खाली ठेवावे, एवढेच शास्त्राला अभिप्रेत असावे.

येथवर वाचून पुरुषवाचक संतुष्ट झाले असतील, आणि पान घडी करून पत्नीपुढे सरकवण्याच्या विचारात असतील. त्यांनी थोडे थांबावे. सप्तभंगी एका पक्षासाठी राखीव नाही. दुकानाचे शटर ओढून घरी आलेला पतीही “काय झाले?” या प्रश्नाला “काही नाही” असेच उत्तर देतो. त्याच्या ‘काही नाही’त अडकलेली रक्कम असते, भागीदाराचा बदललेला सूर असतो, शेजारी उघडलेल्या नव्या दुकानाची धास्ती असते. मात्र त्याच्या मौनाला घरात ‘थकवा’ म्हणतात आणि तिच्या मौनाला ‘रुसवा’. तो मोठ्याने बोलला तर ‘ताण आहे’. ती मोठ्याने बोलली तर ‘स्वभाव आहे’. त्याने एकच गोष्ट तीनदा सांगितली तर ‘अनुभव’. तिने सांगितली तर ‘कटकट’.

व्यापारी कुटुंबांना हा प्रकार ओळखता यायला हवा. घ्यायचे माप एक आणि द्यायचे माप दुसरे, याला शास्त्रात नाव आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत हीनाधिकमानोन्मान हा एक आहे. कमीजास्त मापांनी व्यवहार करणे हा चोरीच्याच घरातला दोष मानला आहे. दुकानातील काटा वर्षाला तपासला जातो, त्यावर शिक्का बसतो. घरातील काट्याची तपासणी करायला कोणताही निरीक्षक येत नाही.

हा घरचा काटा महाराष्ट्रात एका स्त्रीने फार पूर्वी तपासला होता. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक १८८२ साली पुण्यात छापले गेले. निमित्त सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्याचे होते. अर्भकहत्येच्या आरोपावरून तिला शिक्षा झाली आणि त्यावरून वृत्तपत्रे समस्त स्त्रियांच्या नीतीवर तुटून पडली. ताराबाईंनी स्त्रियांवर लादले जाणारे दोष एकेक करून हाती घेतले आणि तोच प्रत्येक दोष पुरुषांच्या पारड्यात ठेवून दाखवला. त्यांची भाषा तिखट होती, उपहास झणझणीत होता, आणि त्या काळी ती लोकांना सोसवली नाही. जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. ग्रे यांच्या पुस्तकाच्या एकशे दहा वर्षे आधीची ही गोष्ट. ताराबाईंना मंगळाची वा शुक्राची गरज भासली नाही. वजन एकच ठेवले की तुलना आपोआप सरळ होते, एवढेच त्यांनी धरून ठेवले होते.

आपल्या परंपरेने तर ही गणना फार आधी केली आहे. कल्पसूत्रात भगवान महावीरांच्या संघाची संख्या दिली आहे. साधू १४ हजार आणि साध्वी ३६ हजार, श्रावक १ लाख ५९ हजार आणि श्राविका ३ लाख १८ हजार. ज्या संघात श्राविका श्रावकांच्या दुप्पट आहेत, त्या संघाच्या सभेत आज व्यासपीठावर कोण बसते आणि पंगतीची वाढणी कोण करते, हे कोणाला सांगावे लागत नाही.

पर्युषणाच्या दिवसांत या सर्व हिशेबांचे एक विशेष पान उघडते. संवत्सरीला, आणि दशलक्षणानंतर क्षमावाणीला, शेठजी पहाटेपासून फोन हातात घेतात. बार्शी, पंढरपूर, लातूर, सोलापूर, पुणे, सुरत. आडत्यांना, दलालांना, व्याह्यांना, ज्याच्याशी कोर्टात दावा चालू आहे त्यालासुद्धा ‘मिच्छामि दुक्कडम्’ जाते. सायंकाळी प्रतिक्रमणात चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागून होते. त्यांत पृथ्वीकाय येतात, अप्काय येतात, डोळ्यांना न दिसणारे जीवही येतात. स्वयंपाकघरात उद्याच्या पारण्याची तयारी करीत उभा असलेला एक पंचेंद्रिय जीव मात्र अनेकदा यादीतून निसटतो. पतीला वाटते, घरच्या माणसाची वेगळी क्षमा काय मागायची? पत्नीला वाटते, यांनी मागितली तर मीही मागेन. दोन्ही गाड्या स्टेशनात उभ्या असतात आणि हमाल कोणीच होत नाही.

त्या एका खात्यावर काय काय थकलेले असते, याची यादी करणे कठीण नाही. उधारी बुडालेल्या वर्षी हातातील पाटल्या निघून दुकानाच्या भांडवलात गेल्या, त्यांची नोंद कोणत्याही वहीत नाही. दुपारी शेठजी जेवायला जात तेव्हा गल्ल्यावर बसून तिने जो धंदा केला, त्याचा पगार लिहिलेला नाही. आजारी सासऱ्यांच्या उशाशी काढलेल्या रात्री जमाखर्चात येत नाहीत. दुसऱ्या बाजूलाही रकमा आहेत. हप्ता फेडता फेडता त्याने स्वतःसाठी नवा सदरा घेतला नाही, ते त्याने कधी बोलून दाखवले नाही. कर्जाची काळजी त्याने एकट्याने वाहिली, कारण सांगितले तर ती रात्रभर जागेल. दोघांनीही खर्च केला, आणि दोघांनीही पावती मागितली नाही. ‘काही नाही’ या दोन शब्दांखाली हे सगळे दबलेले असते.

म्हणून तज्ज्ञांच्या सर्व नियमांनंतर एकच व्यवहार्य सूचना उरते. यंदाच्या संवत्सरीला पहिला फोन लावण्याआधी शेठजींनी स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापर्यंत जावे. तेथे ‘वर्षभरात कळत-नकळत’ अशी छापील वाक्ये वापरू नयेत. ती आडत्यांसाठी ठीक आहेत. त्या पाटल्यांचे नाव काढावे. झाकून ठेवलेल्या ताटांचे नाव काढावे. एकच रक्कम, पण ती खात्यावर नावानिशी जमा करावी. पत्नीनेही त्या दिवशी खतावणीतील जुनी पाने मिटवून “तुम्ही काय सोसलेत, ते सांगा आता” असे एकदा विचारावे, आणि उत्तर “काही नाही” आले तरी तेथून हलू नये.

कुर्डुवाडीच्या छोट्या गाडीचे रूळ आता उरलेले नाहीत. पंढरपूर, मिरज आणि लातूरकडील मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाले, आणि बार्शीचा डबा आज न उतरवता पुढे जातो. रेल्वेला त्यासाठी शतकाहून अधिक काळ लागला आणि अफाट खर्च आला. घरातील रूळ इतके सरळ होतील अशी अपेक्षा कोणी धरू नये, आणि तशी गरजही नाही. माल पोहोचला म्हणजे झाले. फक्त यंदा हमाली आपल्याकडून द्यावी, आणि तिची पावती मागू नये.