नऊजणींत एक बिल

भिशी म्हटलं की घरातल्या पुरुषमंडळींच्या चेहऱ्यावर एक ठरावीक हसू उमटतं. "आज काय, बटाटेवडे की साड्या?" असं विचारणारे आमच्याही घरी आहेत. त्यांना सांगून उपयोग नाही, पण आमच्या भिशीत साड्या निघत नाहीत. आमची भिशी खवय्यांची. नऊजणी आहोत आणि एकोणीस वर्षांत नवव्या बाईला जेवणात काही कमी पडलं, असं कधी झालेलं नाही. निदान मला तसं वाटत होतं.

पूर्वी आम्ही एकमेकींच्या घरी जमत असू. मग गुडघे बोलायला लागले, सुना नोकरीला लागल्या, स्वयंपाकघरात दोन तास उभं राहण्याची हौस ओसरली. बँकवाल्या वहिनींनी ठराव मांडला, "जन्मभर राबलो, आता दुसऱ्यानं वाढलेलं खाऊ." तेव्हापासून महिन्याला एक नवं हॉटेल आणि बिलाला नऊनं भागायचं, असा रिवाज पडला. या वेळी हॉटेल निवडायची पाळी माझी होती. कोथरूडात आमच्याच गल्लीच्या टोकाला एक लहानसं इटालियन हॉटेल निघालंय. सहा टेबलं, नवरा आत, बायको गल्ल्यावर. नवऱ्यानं बरीच वर्षं बोटीवर स्वयंपाकी म्हणून काढलेली. म्हटलं, चालत जाता येईल, रिक्षाचे पैसे वाचतील.

मेनूकार्ड वाचतानाच पहिली करमणूक झाली. इटालियन जेवणाला क्रम असतो. आधी चटकमटक, मग पास्ता किंवा रिसोट्टो, त्यानंतर मासे नाही तर मटण, भाजी वेगळ्या ताटलीत आणि शेवटी गोड. आपल्यासारखं डावं-उजवं एकाच पानात नाही. "म्हणजे पास्ता हे मुख्य जेवण नव्हेच?" मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं. नव्हेच. आपण ताटभर खाऊन उठतो, तो तिकडे दुसरा अध्याय. आम्ही अर्थात सगळं एकदम मागवलं आणि मधे ठेवलं. आमच्यातल्या तिघी शाकाहारी. त्यातल्या बाईंना चीजची शंका होती, आणि ती रास्त होती. इटलीतलं पार्मिजानो रेज्जानो हे प्रसिद्ध चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनंच विरजतात, तसा त्यांचा नियमच आहे. आपल्याकडे मात्र चीजसाठी प्राणिज रेनेट चालत नाही. आतून स्वयंपाकी स्वतः आला आणि त्यानं चीजचं वेष्टन आणून दाखवलं. बाईंनी चष्मा लावून हिरवा ठिपका पाहिला, तेव्हा कुठे काटा उचलला.

तळमजल्यावरच्या काकूंनी फक्त सूप मागवलं.

या काकू आमच्यात वयानं मोठ्या आणि हातानं सगळ्यांत सुगरण. त्यांच्या हातची वरणफळं खाल्लेला माणूस दुसऱ्यांच्या वरणफळांना नावं ठेवतो. गेल्या काही महिन्यांपासून मात्र त्यांचं काहीतरी निघत होतं. एकदा उपवास, एकदा पोट बरं नाही, एकदा भाचीकडे जायचं होतं. आज आल्या होत्या, पण समोर नुसतं मिनेस्त्रोने. शेंगा, गाजर, घेवडा, थोडा भात असलेलं जाडसर सूप. "काकू, हे पेस्टो बघा, अगदी ठेचाच," मी म्हटलं. ती उपमा माझी नाही बरं, त्या शब्दातच आहे. पेस्टो म्हणजे ठेचलेलं. जेनोवाकडे संगमरवरी खलात तुळशीच्या जातीची पानं, लसूण, चिलगोजे, चीज आणि ऑलिव्ह तेल ठेचतात. इथं चिलगोज्यांऐवजी काजू होते, कारण चिलगोज्यांचा भाव ऐकला तर जेवण जात नाही. काकूंनी मान हलवली. "नको गं, सूप भरपूर आहे." रिसोट्टो पुढे केला, नको. पिझ्झाचा तुकडा, नको. मला वाटलं, उष्ट्याखरकट्याचं असेल. नऊ काटे एका ताटलीत फिरत होते, जुन्या माणसाला नाही रुचत. मी आग्रह सोडला. आता वाटतं, किती सोयीचं कारण शोधलं मी!

मग शेवटची ताटली आली. पुलिया म्हणून इटलीच्या टाचेकडचा प्रांत आहे, तिकडचा ओरेकिएत्ते नावाचा पास्ता. अर्थ, छोटे कान. नुसता रवा आणि पाणी, अंडं नाही. पिठाच्या वळकटीचा बोराएवढा तुकडा सुरीनं ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा, की वाटीसारखा खळगा पडतो. त्यात रस धरतो. तिकडे त्याच्याबरोबर सलगमाच्या कुळातली कडवट पालेभाजी घालतात, इथं ब्रोकोली होती. ताटली काकूंच्या समोरून जाताना त्यांनी ती धरूनच ठेवली.

"अगं, या तर नखुल्या!"

खरंच की. नखानं दाबलेल्या नखुल्या, बोटांवर वळलेले गव्हले, मालत्या. लग्नघरी महिनाभर आधी बायका बसून वळायच्या आणि रुखवतात मांडायच्या, ते आठवलं. काकूंनी एक उचलली, तोंडात टाकली, डोळे मिटले. मग दुसरी. मग स्वयंपाक्याला बोलावलं. रवा कुठला? बन्सी का? तो हसला. म्हणाला, बन्सी ज्या कठीण गव्हाचा, त्याच ड्यूरम जातीचा. पाणी कोमट घेता का? किती वेळ मळता? झाकून ठेवता का? आम्ही आठजणी गप्प होऊन दोन कारागिरांचं बोलणं ऐकत होतो. त्यानं सांगितलं, बारी शहराच्या जुन्या भागात बायका गल्लीत, दारापुढे टेबल मांडून हे वळतात आणि लाकडी चौकटींवर वाळत घालतात. काकू म्हणाल्या, "आमच्या माहेरी सुपात." त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्यांचा आवाज पूर्वीसारखा लागला.

बिल आलं सात हजार दोनशे नव्वद. बँकवाल्या वहिनींनी क्षणात सांगितलं, "आठशे दहा प्रत्येकी." सगळ्यांनी फोन काढले. काकूंनी पर्स काढली. आतल्या कप्प्यातून चार घड्या घातलेली पाचशेची नोट निघाली. मग शंभराच्या तीन. मग त्या दहासाठी नाणी शोधू लागल्या. पर्स गुडघ्यावर, टेबलाच्या खाली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन वर्षांपूर्वी काका गेले. खाजगी कंपनीतली नोकरी, निवृत्तिवेतन नावापुरतं. सूप होतं दोनशे चाळीसचं. काकू हिशेब करून घरून निघाल्या होत्या.

"काकू, तुम्ही तर फक्त सूप..." मी हळू आवाजात म्हटलं.

"चव घेतली ना मी? मग?" त्यांनी माझ्याकडे न बघता पैसे ठेवले.

गल्लीतून परत चालताना मी सहाशे रुपये त्यांच्या हातात कोंबायचा प्रयत्न केला. त्या दिव्याखाली थांबल्या. "मला भिशीतून काढायचं असेल तर सरळ सांग. असलं नको." पुढचं अंतर आम्ही न बोलता चाललो. शंभर पावलंच असतील, पण संपेनात.

चार दिवस मला चैन नव्हतं. रिवाज बदलायला हवा होता, पण कारण सांगायचं कसं? कारण सांगणं म्हणजे काकूंना आठ जणींसमोर उभं करणं. 'ज्यानं खाल्लं त्यानं द्यावं' हे पुणेरी 'तुझं तू, माझं मी' सोपं आहे, पण मग नखुल्यांची ताटली काकूंपर्यंत आलीच नसती. घरी जमावं, तर पुन्हा बायकांनीच राबायचं, हे वहिनींचं म्हणणंही खोटं नाही.

शेवटी मी खोटं बोलले. सगळ्यांना फोन करून सांगितलं की आमच्याकडे सध्या घराच्या दुरुस्तीचा खर्च निघालाय, मला आठशे-नऊशे झेपत नाहीत. आधी रक्कम ठरवू, तीनशे प्रत्येकी, आणि तेवढ्यातच बसेल ते नऊजणींत मागवू. वहिनी कुरकुरल्या, "मग तिरामिसू गेलं म्हणायचं." पण मुख्याध्यापिका बाई पटकन म्हणाल्या, "बरं झालं तू बोललीस. मुलाची नोकरी गेल्यापासून मीही..." आणि थांबल्या. आणखी एकीनं नुसतं "चालेल, चालेल" म्हटलं, जरा जास्तच लवकर.

एकोणीस वर्षं एका ताटलीत जेवतो आहोत आणि हे ठाऊक नव्हतं.

काकूंनी फोनवर फक्त "बरं" म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभ्या. हातात स्टीलचा डबा. आत वाळवलेल्या नखुल्या, नेहमीपेक्षा मोठ्या, प्रत्येकीला अंगठ्याचा खळगा.

"दुरुस्ती कुठली गं? भिंतीला साधा रंग नाही काढलेला," म्हणत आत येऊन बसल्या. मला उत्तर सुचेना. त्यांनी डबा पुढे सरकवला. "खिरीच्या नाहीत हो या. भरपूर पाण्यात मीठ घालून शिजव, आणि मधे एक काढून चावून बघ. पहिल्या घाण्याला जाड झाल्यात, वेळ लागेल. चहा टाक आता."