शकुंतला हवी, पण कुणासाठी?



यवतमाळ–मूर्तिजापूर छोटी रेल्वे, आपली शकुंतला, सुरू झाली ती वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे, तिथून विलायतेच्या गिरण्यांकडे न्यायला. रूळ अडीच फुटी, मालकी विलायती कंपनीची. स्वातंत्र्यानंतरही ती खासगीच राहिली. गाठी गेल्या, पण भाव पिकवणाऱ्याने कधी ठरवला नाही.

आज गाडी बंद, स्टेशनं ओस. ब्रॉडगेज हवीच, असं आम्हीही म्हणतो. पण दारव्ह्याच्या स्टेशनाला नुसता रंग लावला तर आपल्या पदरात काय? आम्हाला मालधक्का हवा, गोदाम हवं, आणि कापूस-ज्वारी भाव मिळेल त्या बाजारात पाठवायची मोकळीक हवी. तालुक्या-तालुक्यातून हाच ठराव करा.